हिवाळ्याचें भाकीत आणि घरची तयारी

मार्गशीर्ष संपत आला कीं महाराष्ट्रांतील शहरी घरांत एक लहानसें नाटक दर वर्षीं घडतें. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलें जातें, कीं येत्या दोन दिवसांत थंडी वाढणार. लगेच माळ्यावरची पेटी खालीं येते, स्वेटर व कानटोप्या बाहेर निघतात, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलें गाठोड्यांसारखीं गुंडाळून शाळेंत पाठविलीं जातात. दुपारीं तींच मुलें स्वेटर कमरेला बांधून घामाघूम होऊन परततात. आठ दिवसांनीं पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळीं घरांतील आजोबा हंसून म्हणतात, "वेधशाळेनें थंडी सांगितली ना? मग पंखा लावा." आणि नेमका त्याच रात्रीं उत्तरेचा वारा येतो, पहाटे पारा आठांवर उतरतो, आणि आजोबांचा खोकला पुढें पंधरा दिवस हटत नाहीं.

लांडगा आला रे आला, ही जुनी गोष्ट येथें कोणासहि आठवेल. पण त्या गोष्टींतील पोर खोटें बोलत होतें; वेधशाळा तसें करीत नाहीं. ती जें सांगते आणि घरांत जें ऐकलें जातें, त्या दोहोंमध्यें मात्र पुष्कळ अंतर असतें. पावसाचा अंदाज चुकला तर तो उघड चुकतो. छत्री कोरडी राहते किंवा अंग भिजतें. थंडीचें तसें नाहीं. एकाच पहाटे, एकाच गांवांत, एका घरीं अंदाज खरा ठरतो आणि मैलभर अंतरावरच्या दुसऱ्या घरीं खोटा. आणि दोन्ही घरें आपापल्या परीनें बरोबर असतात. हें कसें होतें तें समजून घेतल्यावांचून थंडीच्या अंदाजाला हंसण्यांत अर्थ नाहीं, व त्यावर डोळे मिटून विसंबण्यांतहि नाहीं.

महाराष्ट्राची थंडी बाहेरून येते, हें अर्धेंच खरें आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूस उगम पावणारे हवेचे मोठे भोवरे हिवाळ्यांत इराण व अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकत येतात. यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळांत दर महिन्यास सरासरीनें असे चार ते सहा झंझावात हिंदुस्थानच्या उत्तर भागावरून जातात. काश्मीर-हिमाचलांत ते बर्फ पाडतात, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात, आणि ते पूर्वेकडे निघून गेले कीं त्यांच्या पाठीमागून वायव्येची कोरडी, गार हवा मैदानांत उतरूं लागते. राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून तीच हवा खानदेश, नाशिक आणि विदर्भ येथवर पोंचते. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं झंझावाताच्या पुढच्या अंगास ढग व ऊब असते आणि मागच्या अंगास थंडी. म्हणजे झंझावात येणार हें ठाऊक असून भागत नाहीं. तो केव्हां ओलांडून जाणार तें ठाऊक असावें लागतें. बारा तासांचा उशीर झाला, तरी बुधवारची म्हणून सांगितलेली थंडी गुरुवारवर जाते आणि बुधवारीं स्वेटर घातलेला मनुष्य वेधशाळेला नांवें ठेवतो. शिवाय याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचे दमट वारे मराठवाडा-विदर्भावर सरकले, तर उत्तरेची हवा अर्ध्या वाटेंतच अडते. दोन वाऱ्यांच्या या ओढाताणींत कोणाची सरशी होईल, हें दोन-तीन दिवस आधीं सांगणें अवघड असतें.

उरलेला अर्धा भाग घरचाच आहे. सूर्य मावळला कीं जमीन दिवसभर सांठविलेली उष्णता आकाशाकडे फेंकूं लागते. आभाळ निरभ्र असलें आणि हवा कोरडी असली, तर ही उष्णता सरळ निघून जाते. ढगांचें आवरण असलें, तर तें तिचा मोठा भाग परत खालीं पाठवितें. ढगाळ रात्र उबदार वाटते ती याच कारणानें. हवेंत दमटपणा असेल तरी तेंच काम थोडें कमी प्रमाणांत होतें. आतां वाऱ्याचा प्रश्न. वारा वाहता असला तर वरची ऊबदार हवा आणि खालची गार हवा सतत मिसळत राहते आणि पारा फार उतरत नाहीं. वारा पडला कीं जमिनीलगतची गार हवा जड होऊन तेथेंच बसते, आणि उतार असेल तर पाण्यासारखी ओघळत जाऊन ओढ्या-नाल्यांच्या सखल जागीं सांचते. पहाटे टेकडीवर उभें राहून पाहिलें तर खालच्या वस्तीचा धूर एका पातळीवर चादरीसारखा पसरलेला दिसतो. ती चादर म्हणजे वरच्या ऊबदार थराची खालची कड होय. धुराला तिच्यावर चढतां येत नाहीं.

ढगांचा एक विरळ पडदा मध्यरात्रीं सरकून आला किंवा पहाटे तीनला वाऱ्याची झुळूक उठली, तर पहाटेचें उष्णतामान तीन-चार अंशांनीं बदलूं शकतें. हे तीन-चार अंश म्हणजेच "थंडी पडली" आणि "थंडी पडली नाहीं" यांतील अंतर. म्हणून थंडीच्या अंदाजाची परीक्षा फार कठोर असते.

पण ज्या अंकावरून ही परीक्षा घेतली जाते, तो अंक तरी कशाचा? पुण्याच्या शिवाजीनगर भागांत ज्या वास्तूला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, तेथें हिंदुस्थानच्या हवामान खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून आलें. म्हणून तें नांव. खातें १८७५ मध्यें स्थापन झालें होतें. १९४४ मध्यें मुख्य कार्यालय दिल्लीस गेलें, नांव मात्र पुण्यांत राहिलें. अशा वेधशाळांच्या आवारांत पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनीं झिलमिल्या असलेली, पायांवर उभी केलेली एक लांकडी पेटी दिसते. स्टीव्हन्सन नांवाच्या स्कॉटिश अभियंत्यानें ती योजली. सुप्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुइस स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. या पेटींत जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर तापमापक ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाहीं, आभाळ दिसत नाहीं, वारा मात्र खेळता लागतो. जगभर सगळीकडे हीच रीत आहे, आणि ती आवश्यक आहे. नाहींतर नागपूरच्या अंकाची लंडनच्या अंकाशीं तुलनाच करतां येणार नाहीं.

परंतु माणसें, रोपें आणि दंव या पेटींत राहत नाहींत. निरभ्र, निवांत रात्रीं गवताच्या पात्याचें उष्णतामान पेटींतील अंकाच्या तीन-चार अंश खालीं असणें ही नित्याची गोष्ट आहे. महाबळेश्वरचा दाखला यासाठीं फार चांगला. वेण्णा तलावाच्या काठीं आणि लिंगमळ्याच्या परिसरांत एखाद्या पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर आणि बोटींत चढण्याच्या फळ्यांवर दंव गोठून पांढरें झालेलें दिसतें. त्याच दिवशीं महाबळेश्वरच्या वेधशाळेचा अंक मात्र शून्याच्या पुष्कळ वर असतो, आणि वृत्तपत्रें वाचणाऱ्याला वाटतें कीं दोहोंपैकीं एक कोणीतरी खोटें बोलत आहे. वस्तुतः वेधशाळा उंच, मोकळ्या जागेवर आहे आणि तलावाचा परिसर सखल आहे. शिवाय पेटी चार फुटांवरची हवा मोजते आणि दंव पानाच्या पृष्ठावर गोठतें. दोन्ही वार्ता खऱ्या.

शहरांतहि हाच खेळ चालतो. सिमेंटच्या भिंती आणि डांबरी रस्ते दिवसा उष्णता पितात आणि रात्रभर ती सोडीत राहतात. पुण्यांत पाषाण किंवा खडकवासल्याच्या बाजूस पहाटे हात कांकडतात, त्या वेळीं शहराच्या पूर्वेकडील दाट वस्तींत पातळ चादर पुरते. मुंबईचा कारभार सगळा समुद्राच्या हातीं. उत्तरेचा वारा जमिनीवरून येत राहिला तर मुंबई गारठते. दुपारचा समुद्रवारा लवकर सुटला तर ती थंडी पुसून टाकतो. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. पुण्यानें १७ जानेवारी १९३५ रोजीं १.७ अंश पाहिला आहे, आणि नागपुरांत २९ डिसेंबर २०१८ रोजीं ३.५ अंशांची नोंद झाली. महाराष्ट्राला खरी थंडी ठाऊकच नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हे अंक जवळ ठेवावेत. अशी थंडी क्वचित् येते, म्हणूनच तिच्यासाठीं घर बांधलेलें नसतें, खिडक्या नीट लागत नाहींत आणि पांघरुणें अपुरीं पडतात. हिमालयांतील कुटुंबाला शून्य अंश हा रोजचा व्यवहार. दादरच्या चाळींतील म्हाताऱ्या माणसाला दहा अंश हें संकट ठरूं शकतें.

शास्त्रानें या बाबतींत कांहींच प्रगति केली नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांच्या गाड्यांवर काम करीत असतांना २० मे १९१० या एका जुन्या दिवसाचें हवामान केवळ गणितानें काढून पाहिलें. सहा तासांत वायुभारांत १४५ मिलिबारांचा फरक पडेल असें त्याचें उत्तर आलें. प्रत्यक्षांत वायुभार त्या वेळीं जवळजवळ स्थिर होता. इतका फरक प्रचंड चक्रीवादळांतहि आढळत नाहीं. रिचर्डसननें हें फसलेलें गणित १९२२ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रामाणिकपणें छापलें, आणि आज सर्व जगांतील वेधशाळा त्यानेंच दाखविलेल्या वाटेनें चालतात. त्याच्या हातीं पेन्सिल होती, त्यांच्या हातीं संगणक आहेत, एवढाच काय तो भेद.

दुसरी अडचण गणिताच्या पलीकडची आहे. अमेरिकेंतील एडवर्ड लॉरेन्झ हा शास्त्रज्ञ १९६१ मध्यें संगणकावर एक काल्पनिक हवामान चालवून पाहत होता. एक गणित पुन्हां करतांना त्यानें ०.५०६१२७ या अंकाऐवजीं ०.५०६ एवढाच अंक घातला. इतक्या क्षुल्लक फरकानें कांहीं काळानें निघालेलें हवामान पहिल्यापेक्षां संपूर्णपणें निराळें निघालें. आजच्या हवेचें मोजमाप कधींच पूर्ण अचूक असूं शकत नाहीं. तेव्हां पुढच्या आठवड्याचें भाकीत कोठेंतरी पाय घसरून पडणारच. यावर उपाय म्हणून १९९२ पासून युरोप-अमेरिकेंत, आणि पुढें हिंदुस्थानांतहि, एकच गणित न करतां किंचित् निरनिराळ्या सुरुवाती घेऊन अनेक गणितें करण्याची पद्धति आली. सगळीं उत्तरें जवळजवळ आलीं तर अंदाजावर भरंवसा ठेवावा. तीं विखुरलीं तर ठेवूं नये. म्हणजे आजचा हवामानशास्त्रज्ञ स्वतःच्या अज्ञानाचेंहि मोजमाप करूं लागला आहे. दुर्दैवानें नभोवाणीवरील चार वाक्यांत किंवा मोबाईलच्या लहानशा चित्रांत हें मोजमाप गळून जातें, आणि "उद्यां किमान ९ अंश" एवढा एकच कोरडा अंक घरीं पोंचतो. तो ७ ते १२ यांतील कोणताहि असूं शकेल, हें अंक ऐकणाऱ्याला कोणी सांगत नाहीं.

मे २०२५ मध्यें हिंदुस्थानांत सहा किलोमीटरांच्या चौकटींवर चालणारी नवी अंदाजपद्धति सुरू झाली. त्या पूर्वीं चौकट बारा किलोमीटरांची होती. सुधारणा मोठी आहे खरी. पण सहा किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकटींत सुमारें नऊ हजार एकर जमीन येते, आणि गणित तिला एकच अंक देतें. त्या नऊ हजार एकरांत टेकडी असते, नदीचें पात्र असतें, गांवठाण असतें आणि एखाद्याची दोन एकरांची द्राक्षबाग असते.

शब्दांचा घोटाळा याहून वेगळा. "थंडीची लाट" या शब्दांना हवामान खात्याच्या भाषेंत ठराविक अर्थ आहे. मैदानांतील ठिकाणीं किमान उष्णतामान १० अंश किंवा त्याहून कमी असावें, आणि शिवाय तें त्या दिवसांतील तेथल्या सरासरीच्या ४.५ ते ६.४ अंश खालीं असावें, तर ती लाट. त्याहूनहि खालीं गेलें तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखालीं आला तर सरासरी न पाहतांच लाट मानतात. समुद्रकाठच्या ठिकाणीं १० ऐवजीं १५ अंशांची मर्यादा धरतात. आतां एखाद्या ठिकाणची सरासरी ११ अंश असेल आणि पहाटे पारा ७.५ वर उतरला, तर दांत वाजतील, पण शास्त्राच्या हिशेबीं लाट नाहीं. म्हणून लाटेचा इशारा आला नाहीं याचा अर्थ थंडी नाहीं असा करूं नये.

ऋतूच्या आरंभीं येणाऱ्या भाकितांविषयीं तर अधिकच सावध राहावें. पॅसिफिक महासागराच्या मध्य व पूर्व भागाचें पाणी नेहमींपेक्षां गार झालें, म्हणजे ज्याला ला निना म्हणतात ती स्थिति आली, कीं यंदा कडाक्याची थंडी पडणार अशा बातम्या झळकूं लागतात. २०२४ च्या पावसाळ्यानंतर अशा बातम्यांना ऊत आला होता. पुढें काय झालें? त्याच हिवाळ्याचा शेवटचा महिना, फेब्रुवारी २०२५, हा देशाच्या सरासरी उष्णतामानाच्या हिशेबानें १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ला निनाचा थंडीशीं संबंधच नाहीं असें नव्हे. पण तो फांशाचें एक अंग किंचित् जड करण्याइतकाच आहे. आणि उष्ण ऋतूंतहि चार कडक रात्री येऊन जाऊं शकतात. नुकसान करायला चार रात्री पुरतात.

हें नुकसान कोणाचें होतें तें पाहायचें असेल तर निफाड तालुक्याकडे वळावें. गोदावरी व तिच्या उपनद्यांच्या कांठचा हा सखल, मोकळा मुलूख. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा अंक दर हिवाळ्यांत वृत्तपत्रांत येतो आणि बहुधा तो नाशिक शहराच्या अंकाच्या खालीं असतो. ऑक्टोबरांत छाटलेल्या द्राक्षवेलींचे मणी डिसेंबर-जानेवारींत फुगूं लागतात. नेमक्या याच वेळीं पारा फार उतरला तर फुगवण थांबते, साखर भरण्यास उशीर होतो, मण्यांना तडे जातात, आणि कांहीं जातींच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढून ते परदेशच्या बाजारांतून बाद होतात. वर्षभराच्या औषधफवारणीचा, मजुरीचा व कर्जाचा बोजा ज्या घडांवर लटकलेला असतो, ते घड दोन पहाटेंत कमी मोलाचे होतात.

तेथील बागाईतदार मध्यरात्रीं उठून बागेंत जागोजाग शेकोट्या पेटवितो आणि पहाटे वेलींना पाणी देतो. या दोन्ही रीतींमागें शास्त्र आहे. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षां अधिक उष्णता सांठविते आणि खालच्या थरांतील ऊब वर आणते. शिवाय दंव पडतांना व पाणी गोठतांना उष्णता बाहेर पडते, एक ग्रॅम पाणी गोठतांना ८० कॅलरी, आणि वाफेचें दंव होतांना तर सुमारें ६००. शेकोट्यांविषयीं मात्र एक गैरसमज आढळतो. धुराच्या आवरणानें थंडी अडते असें पुष्कळांना वाटतें. धुराचा उपयोग अल्प असतो, खरें काम करते ती आंच. आणि तीहि एकच मोठी होळी पेटविल्यानें साधत नाहीं, कारण मोठ्या आगीचा झोत वरच्या ऊबदार थराला भेदून निघून जातो आणि त्याच्या जागीं बाजूची गार हवा ओढली जाते. लहान लहान शेकोट्या पुष्कळ असाव्या, हेंच बरोबर. जळगांवाकडील केळीच्या बागांत घडांना गोणपाट किंवा वाळलेलीं पानें गुंडाळतात आणि उत्तरेच्या अंगास शेवरीचें कुंपण उभें करतात, तेंहि याच जातीचें शहाणपण.

पण प्रत्येक रात्रीं शेकोट्या पेटविणें परवडत नाहीं. मग अनिश्चित भाकिताचें करायचें काय? समजा, एका रात्रीचें सरपण व मजुरी मिळून दोन हजार रुपये लागतात, आणि पारा खरोखर उतरला तर चाळीस हजारांचें पीक जातें. दोन हजार हा चाळीस हजारांचा विसावा भाग. तेव्हां पारा उतरण्याची शक्यता विसांत एकापेक्षां अधिक असेल, तर शेकोट्या पेटविणें फायद्याचें. कमी असेल तर झोंपणें फायद्याचें. यांत भाकीत पांचपैकीं चार वेळां खोटें ठरलें, तरी त्यावर वागणारा बागाईतदार वर्षअखेर नफ्यांत राहतो. ज्या भाकिताला शहरांतला मनुष्य कुचकामी म्हणून हंसतो, तेंच निफाडच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडतें. तयारीचा खर्च आणि गाफीलपणाचा खर्च यांची तुलना करण्यास तो शिकलेला असतो.

घरासहि हाच हिशेब लागूं पडतो, आणि येथें तो अधिकच सोपा आहे, कारण घरची तयारी जवळजवळ फुकट असते. गोधडी उन्हांत घालून पायथ्याशीं ठेवणें, खिडकीच्या फटींत कापडाची घडी सारणें, म्हाताऱ्या माणसांचा बिछाना बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकविणें, यांस कितीसा खर्च? थंडी आली नाहीं तर कांहीं बिघडत नाहीं. आली, तर ती पहिल्या रात्रींच घाव घालते. थंडींत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हृदयविकार व पक्षाघात यांचे झटके या दिवसांत अधिक येतात. वृद्धांस थंडीची जाणीव उशिरां होते, तहानहि कमी लागते. म्हणून त्यांना विचारूं नये, सरळ पांघरूण घालावें आणि कोमट पाणी हातीं द्यावें. कपडे एकावर एक पातळ दोन असावेत. ऊब लोकरीची नसून तिच्यांत व दोन कपड्यांच्या मध्यें अडकलेल्या हवेची असते. शिवाय दुपारीं वरचा कपडा काढतां येतो, आणि आरंभीं सांगितलेल्या शाळकरी मुलांची फजिती टळते.

तयारीच्या नांवाखालीं एक गोष्ट मात्र होतां कामा नये. दारें-खिडक्या बंद करून खोलींत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचें घमेलें ठेवून झोंपण्याचा प्रकार अजून थांबलेला नाहीं. अपुऱ्या हवेंत कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साईड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटतो, त्यालाच हा वायु दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते. आणि झोंपलेल्याला उठतां येत नाहीं. न्हाणीघरांत लावलेला व धुराडें नसलेला गॅसचा बंबहि हेंच करतो. थंडी म्हणून झरोका बुजविला जातो, आणि गरम पाण्याच्या वाफेंत धडधाकट मनुष्य कोसळतो. ज्या घरीं असा बंब असेल तेथें त्या खोलीचा झरोका कडाक्याच्या थंडींतहि उघडा राहिला पाहिजे. बंब बाहेर बसवितां आला तर फारच उत्तम. शेगडीवर हात शेकावे, अंग शेकावें, आणि निजण्यापूर्वीं ती अंगणांत नेऊन विझवावी.

रात्रीचा अंदाज स्वतःच्या अंगणांतून पडताळून पाहणेंहि फारसें कठीण नाहीं. दिवेलागणीस वारा पडला आहे काय, चुलीचा किंवा पाल्याचा धूर सरळ वर न जातां आडवा पसरतो काय, तारे स्वच्छ दिसतात काय, आणि ओठ व टाचा फुटूं लागण्याइतकी हवा कोरडी आहे काय, एवढें पाहावें. चारही उत्तरें होकारार्थी आलीं, तर बातमींतील अंकाहून आपली पहाट गार निघेल असें धरून चालावें, विशेषतः घर नदीच्या किंवा ओढ्याच्या बाजूस असेल तर. एक साधा तापमापक सावलींत, भिंतीपासून दूर टांगून पंधरा दिवस पहाटेचे अंक लिहून ठेवले, तर वेधशाळेच्या अंकांतून आपल्या दारासाठीं किती अंश वजा करावेत, याचा ठोकताळा सांपडतो. मुलांना हें काम आवडतें.

पारा सर्वांत खालीं उतरतो तो मध्यरात्रीं नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्या वेळानें. कारण कोवळ्या उन्हाची ऊब जमिनीच्या उष्णताव्ययाशीं बरोबरी करण्यास कांहीं काळ लागतो. पांच वाजतां टेकडीवर फिरायला निघणाऱ्या वृद्धांनीं अशा दिवसांत तो नेम उन्हें वर येईपर्यंत पुढें ढकलावा. रथसप्तमी झाली कीं गोधड्या पेटींत घालण्याची घाई पुष्कळ घरांत होते, परंतु फेब्रुवारींतहि झंझावात येतच असतात आणि त्यांच्या पाठोपाठ एखाददुसरी बोचरी रात्र येऊन जाते. थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते, असें जुनीं माणसें म्हणतात. तोंवर निदान एक गोधडी पायथ्याशीं राहूं द्यावी.